ज्ञातीचा अधिकार आणि व्यक्तीचा हक्क



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी ज्ञातीतील कर्तबगार स्त्रीपुरुषांचे परिचय, गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली आणि मंडळाचा जमाखर्च प्रसिद्ध होत असतो. ते सर्व आवश्यकच आहे. परंतु ज्या राज्यघटनेच्या छत्राखाली आपली मंडळे, वसतिगृहे आणि शिष्यवृत्तीचे निधी निर्वेधपणे चालतात, त्या घटनेने ज्ञाती नावाच्या संस्थेकडे कोणत्या दृष्टीने पाहिले आहे, याचा विचार आपल्या पृष्ठांतून क्वचितच होतो. यंदा संपादक मंडळाने आम्हांस काही लिहिण्याविषयी सांगितले, तेव्हा हाच विषय घ्यावा असे आम्ही ठरविले. आम्ही कायदेपंडित नव्हे. जन्मभर शाळेत इतिहास व नागरिकशास्त्र शिकविले, एवढाच आमचा अधिकार. म्हणून विषयही मर्यादित ठेवला आहे. ज्ञातीला आपल्या एखाद्या घटकास बाहेर घालविण्याचा, म्हणजेच वाळीत टाकण्याचा अधिकार आहे काय? तो पूर्वी कसा होता, कायद्याने त्याचे काय केले, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याविषयी काय म्हटले, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, जुन्या ज्ञातिसंस्थेने पुष्कळ उपकार केले. राजसत्ता दूर आणि न्यायकचेरी महाग, अशा काळी भाऊबंदकीचे तंटे पंचांनी मिटविले, अनाथांना आश्रय दिला, धर्मशाळा बांधल्या, परगावी गेलेल्या मुलाची जेवणाची सोय केली. परंतु याच पंचांच्या हाती एक शस्त्र होते, आणि ते फार भयंकर होते. वाळीत पडलेल्या घराचे पान पंक्तीस मांडले जात नसे. न्हावी व परीट त्या घरची पायरी चढत नसत. मुलीला स्थळ मिळत नसे. मयत झाले तर तिरडीला खांदा देण्यास माणूस येत नसे. तुरुंगाच्या शिक्षेला निदान मुदत असते. ही शिक्षा मात्र दंड भरून, प्रायश्चित्त घेऊन आणि ज्ञातीला जेवण घालून पंच संतुष्ट होईपर्यंत चालू राही. शिवाय ती केवळ अपराधी मानलेल्या माणसापुरती नसे. त्याची आई, बायको, मुले, आणि त्याच्याशी बोलणारा शेजारी, हे सर्व तिच्या कक्षेत येत.

या शस्त्रापुढे थोरांचाही टिकाव लागत नसे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींना चहा देण्यात आला. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारखी माणसे तेथे होती. उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापली गेली, ग्रामण्य उभे राहिले आणि शंकराचार्यांकडून चौकशीचे कमिशन बसले. जे रानडे १८९३ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, त्यांनाच त्यापूर्वी एका पेला चहासाठी प्रायश्चित्त घ्यावे लागले. त्याच १८९३ साली अण्णासाहेब कर्वे यांनी एका विधवेशी पुनर्विवाह केला. त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला, आणि त्याची झळ त्यांच्या घरच्या माणसांनाही लागली. पुढे १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, याच अण्णासाहेबांना 'भारतरत्न' ही पदवी अर्पण करण्यात आली. समाजाने ज्याला एकेकाळी बाहेर घातले त्यालाच राष्ट्राने शिरोधार्य मानले, हे ज्ञातीच्या निवाड्यांकडे पाहताना नित्य स्मरणात ठेवण्याजोगे आहे.

आता कायद्याकडे वळू. पेशवाई गेल्यावर मुंबई इलाख्यात इंग्रजांचा अंमल बसला. एल्फिन्स्टनच्या काळात १८२७ साली जे कायदे झाले, त्यांपैकी दुसऱ्या रेग्युलेशनच्या एकविसाव्या कलमात दिवाणी न्यायालयांनी ज्ञातीच्या प्रश्नात हात घालू नये असे ठरविण्यात आले. एखाद्याच्या ज्ञातीला किंवा अब्रूला दुसऱ्याच्या बेकायदेशीर वर्तनाने इजा पोहोचली, तर नुकसानभरपाईचा दावा तेवढा चालावा. परक्या सरकारला लोकांच्या घरगुती कलहात पडावयाचे नव्हते, हे धोरण समजण्यासारखे आहे. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, पूर्वी राजाकडे निदान दाद मागता येई, ती वाटही अरुंद झाली आणि पंचांची सत्ता आपल्या क्षेत्रात जवळजवळ निरंकुश बनली.

याला पहिले बंधन १८५० साली पडले. त्या वर्षीच्या एकविसाव्या कायद्याने असे ठरविले की, कोणी धर्मांतर केले अथवा कोणाला जातीबाहेर टाकले, तरी तेवढ्या कारणाने त्याचा मालमत्तेवरील किंवा वारशावरील हक्क नष्ट होणार नाही. मिशनऱ्यांच्या सोयीसाठी हा कायदा केला, अशी तक्रार त्या काळी पुष्कळांनी केली, आणि तीत काही तथ्यही असेल. पण त्यामुळे वाळीत पडलेल्या माणसाची शेतीभाती व राहते घर वाचले. त्याची पंगत, त्याची सोयरीक, त्याची देवळातील जागा मात्र पंचांच्याच मुठीत राहिली.

रूढी हीच हक्काची जननी, असा तो काळ होता. याचे बोलके उदाहरण महाडच्या चवदार तळ्याचे आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या सहस्रावधी अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा त्यांच्याविरुद्ध दिवाणी दावा लावण्यात आला. दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अपील फेटाळले आणि बाबासाहेबांचा पक्ष विजयी झाला. परंतु तो कशाच्या जोरावर? माणसाला सार्वजनिक पाणी पिण्याचा जन्मसिद्ध हक्क आहे, या तत्त्वाच्या जोरावर नव्हे. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादिकालापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, या कारणाने. रूढी सिद्ध झाली असती तर? या एका प्रश्नात मूलभूत हक्कांची आवश्यकता किती होती ते कळून येते.

बाबासाहेबांनी बहिष्काराचे सामर्थ्य जवळून पाहिले होते. ज्या खेड्यात अस्पृश्यांनी मान वर केली, तेथे त्यांना मजुरी, दाणागोटा आणि वाट बंद करण्यात येई. म्हणून १९३० साली गोलमेज परिषदेपुढे त्यांनी रावबहादुर श्रीनिवासन यांच्यासह जी मागण्यांची योजना ठेवली, तीत सामाजिक बहिष्कार हा गुन्हा मानावा, अशी स्पष्ट तरतूद सुचविली होती. त्यासाठी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला होता. १९४७ साली घटना समितीसाठी त्यांनी जो मसुदा लिहिला, त्यातही ही मागणी पुन्हा केली आहे.

स्वातंत्र्यानंतर लौकरच मुंबई राज्याने या बाबतीत पाऊल उचलले. १९४९ साली, राज्यघटना अमलात येण्यापूर्वीच, मुंबई बहिष्कार प्रतिबंधक कायदा संमत झाला. कोणत्याही समाजाने आपल्या घटकास बहिष्कृत केल्यास तो बहिष्कार अवैध मानावा, आणि तो घालणाऱ्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड व्हावा, असा त्याचा आशय होता. 'समाज' या शब्दात धर्मपंथाप्रमाणेच जाती व पोटजातीही येत होत्या. देवळात पूजेचा हक्क, दहनाचा किंवा दफनाचा हक्क, संस्थेतील अधिकारपद, यांचे संरक्षण त्यात होते. मात्र न्यायालयात ज्यासाठी दावा लावता येईल, अशाच हक्कांपुरता तो मर्यादित होता. पंक्तीला न बोलाविणे किंवा सोयरीक न करणे, यांना तो सहसा लागू पडत नव्हता.

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि सर्वच चित्र पालटले. चौदाव्या अनुच्छेदाने कायद्यापुढे सर्व समान झाले. पंधराव्याने जातीच्या कारणावरून विहिरी, तलाव, दुकाने व उपाहारगृहे कोणास बंद करता येणार नाहीत असे ठरले. सतराव्याने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्यात तर असेही कलम आहे की, अस्पृश्यता पाळण्यास नकार दिला म्हणून जर कोणी आपल्याच ज्ञातीतील माणसावर बहिष्कार घालील, तर तोही शिक्षेस पात्र होईल. हा कायदा पुढे १९७६ साली नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने ओळखला जाऊ लागला. या कलमाने प्रथमच ज्ञातीच्या शिस्तीपेक्षा माणसाची सदसद्विवेकबुद्धी श्रेष्ठ मानली.

परंतु घटनेने व्यक्तीला हक्क दिले तसे समूहालाही दिले. पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीस धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले, आणि त्याच अनुच्छेदात समाजसुधारणेसाठी व हिंदूंची सार्वजनिक देवस्थाने सर्व हिंदूंना खुली करण्यासाठी कायदे करण्याची मुभा राज्याला ठेवली. सव्विसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक धर्मपंथास धर्मविषयक बाबतीत आपला कारभार आपण पाहण्याचा हक्क दिला. हे दोन हक्क समोरासमोर आले म्हणजे कोणाचे चालावे, हा प्रश्न न्यायालयापुढे येणे अपरिहार्यच होते.

१९५४ साली उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'धर्मपंथ' म्हणजे काय ते सांगितले. समान श्रद्धा, समान संघटना आणि स्वतंत्र नाव असलेला समूह, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. १९५७ साली दक्षिण कानडा जिल्ह्यातील मुलकी येथील श्री वेंकटरमण देवालयाचा निकाल लागला. हे देवालय गौड सारस्वत ब्राह्मण समाजाचे. या समाजाचे पूर्वज गोमंतकातून तेथे गेलेले, त्यामुळे आपल्या प्रांतालाही हा निकाल दूरचा नाही. देवालय आमच्या ज्ञातीचे आहे, सबब मद्रासचा मंदिरप्रवेश कायदा त्यास लागू होऊ नये, असे विश्वस्तांचे म्हणणे होते. न्यायालयाने देवालय त्या समाजाचे आहे हे मान्य केले; पण सव्विसावा अनुच्छेद पंचविसाव्यातील मंदिरप्रवेशाच्या तरतुदीला अधीन आहे असे ठरवून सर्व हिंदूंना दर्शनाचा हक्क दिला. मात्र काही विशिष्ट विधींच्या वेळी परंपरेने ज्ञातीपुरतेच उपस्थित राहण्याचा जो प्रघात होता, तो त्यांनी राखला. आपले आपण जपावे, पण त्यासाठी दुसऱ्याला दाराबाहेर उभे करू नये, असे या निकालाचे तात्पर्य आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना सांगत असू.

मग १९६२ सालचा तो प्रसिद्ध निवाडा आला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंना बहिष्काराचा परंपरागत अधिकार होता आणि १९४९ च्या कायद्याने तो काढून घेतला होता. मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या काळात मुंबई उच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला होता. पुढे धर्मगुरूंनी स्वतःच बत्तिसाव्या अनुच्छेदाखाली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, मूलभूत हक्कांच्या भंगाची तक्रार घेऊन बहिष्कृत झालेला माणूस आला नव्हता, तर बहिष्काराचा अधिकार गमावलेले गुरू आले होते. ९ जानेवारी १९६२ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा मताने निकाल दिला. बहुमताने असे म्हटले की, धार्मिक शिस्त राखण्यासाठी धार्मिक कारणावरून घातलेला बहिष्कार हा पंथाच्या धर्मविषयक कारभाराचाच भाग होय. आणि हा कायदा कोणत्याही कारणावरून घातलेल्या बहिष्काराला सरसकट बंदी करतो, म्हणून तो सव्विसाव्या अनुच्छेदाच्या विरुद्ध आहे. कायदा रद्द झाला. योगायोगाने त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात अण्णासाहेब कर्वे यांनी देह ठेवला.

एकट्या मुख्य न्यायमूर्ती सिन्हा यांनी विरुद्ध मत दिले. बहिष्कृत माणसाचे जिणे अस्पृश्याच्या जिण्यासारखे होते, म्हणून त्याला वाचविणारा कायदा घटनेच्या सतराव्या अनुच्छेदाच्या आज्ञेस धरूनच आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ होता. न्यायालयात अल्पमताला अंमलाचे बळ नसते. पण इतिहासात त्याला स्थान असते, आणि पुढील पिढ्या पुष्कळदा त्याच मताकडे वळून पाहतात.

बहुमताच्या निवाड्यातील एक गोष्ट मात्र पुष्कळांच्या लक्षात राहात नाही, आणि आपल्यासारख्या ज्ञातिमंडळांच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची आहे. न्यायमूर्ती दासगुप्ता यांनी असे सुचविले होते की, केवळ धार्मिक कारणांखेरीज अन्य कारणांवरून, उदाहरणार्थ एखादी अनिष्ट सामाजिक रूढी मोडली म्हणून, घातलेल्या बहिष्काराला बंदी करणारा कायदा समाजसुधारणेच्या कक्षेत येऊ शकेल. म्हणजे धर्मगुरूंना जे संरक्षण मिळाले ते ज्ञातीच्या पंचांना आपोआप मिळाले, असे मुळीच नव्हे. ते दार न्यायालयाने तेव्हाच उघडे ठेवले होते.

त्या दारातून महाराष्ट्र राज्याने प्रवेश केला, पण त्याला चोपन्न वर्षे लागली. मधल्या काळात जातपंचायतींच्या जाचाच्या कितीतरी कहाण्या वृत्तपत्रांतून येत राहिल्या, आणि कार्यकर्त्यांनी खेडोपाडी फिरून त्यांना वाचा फोडली. अखेर १३ एप्रिल २०१६ रोजी विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा कायदा संमत केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो जुलै २०१७ मध्ये अमलात आला. त्याने बहिष्कार हा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशा शिक्षेचा गुन्हा ठरविला. १९४९ चा कायदा जेथे थांबला होता त्याच्या पुष्कळ पुढे हा गेला आहे. लग्नकार्य, अंत्यविधी, सामाजिक व्यवहार यांत अडथळा आणणे, जातीबाहेर काढणे, हे सर्व त्यात येते. आणि जातपंचायत कोणत्या नावाने भरते, नोंदलेली आहे की नाही, याला महत्त्व नाही.

पाठोपाठ २७ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'शक्तिवाहिनी' या संस्थेच्या याचिकेवर निर्णय दिला. दोन सज्ञान व्यक्तींनी स्वेच्छेने विवाह करावयाचे ठरविले असता कुटुंबाची, ज्ञातीची वा पंचायतीची संमती आवश्यक नाही, आणि असा विवाह रोखण्यासाठी जमाव जमविणे बेकायदेशीर आहे, असे त्यात स्पष्ट केले. १९६२ च्या निवाड्याचा फेरविचार व्हावा हा अर्ज १९८६ पासून प्रलंबित होता. १० फेब्रुवारी २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो प्रश्न, शबरीमला प्रकरणातील प्रश्नांबरोबर, नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविला.

येथे कोणी विचारील की, मग ज्ञातिमंडळांना काही हक्कच उरला नाही काय? अवश्य उरला आहे. एकोणिसाव्या अनुच्छेदाने संघ स्थापण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि १९७१ साली हिंदी साहित्य संमेलनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की, ज्यांनी संघ स्थापला त्यांच्यावर सरकारने नको असलेले सभासद लादता कामा नयेत. आपण एकत्र यावे, वसतिगृह चालवावे, वधूवर मेळावे भरवावे, स्मरणिका काढावी, याला कोणाची आडकाठी नाही. परंतु हे स्वातंत्र्य संघ करण्याचे आहे, माणसाला वाळीत टाकण्याचे नव्हे. शिरूर मठाच्या निवाड्यातील व्याख्या आपल्याला लावून पाहा. आपल्या मंडळाला कोणी आचार्य नाही, स्वतंत्र संप्रदाय नाही. आपल्यात शैव आहेत, वैष्णव आहेत, आणि देव न मानणारेही आहेत. आपल्याला बांधणारा धागा जन्माचा व आपुलकीचा आहे. म्हणून आमच्या अल्पमतीप्रमाणे, धर्मपंथाला मिळणारे कवच अंगावर घेऊन आपल्याला कोणास बाहेर घालविता येणार नाही, आणि येत असते तरी ते घालू नये.

हे सर्व लिहिण्याचे कारण आता सांगतो. गेली काही वर्षे आपल्या वार्षिक सभेत एक सूचना, कधी उघडपणे तर कधी आडून, पुढे येत असते. ज्ञातीबाहेर विवाह करणाऱ्यांची नावे ज्ञातिसूचीतून वगळावीत, आणि त्यांच्या मुलांना शिष्यवृत्ती देऊ नये. सूचना करणारे बंधू वाईट हेतूने बोलतात असे आम्ही म्हणत नाही. ज्ञाती विस्कळीत होईल, हे त्यांचे भय खरे आहे. पण त्यांनी एवढाच विचार करावा की, जिचे नाव आपण खोडणार ती कोण आहे? ती आपल्यापैकीच एखाद्याची लेक आहे. तिच्या बारशाला आपण जेवलो, तिच्या मॅट्रिकच्या यशाबद्दल आपण तिला पेला दिला, आणि त्याचे छायाचित्र याच स्मरणिकेत छापले. तिने आपला जोडीदार आपण निवडला, हा हक्क तिला देशाच्या घटनेने दिला आहे. सूचीतून तिचे नाव गेल्याने तिची पंगत बंद होणार नाही, हे खरे. आज तिला पंगतीची गरजही उरलेली नाही. पण गावी राहिलेल्या तिच्या आईला पुढच्या मेळाव्याला यावेसे वाटणार नाही. शिक्षा भोगील ती आई. पूर्वीही बहिष्काराची झळ घरच्या माणसांनाच अधिक लागत असे.

शिष्यवृत्तीचेही तसेच. निधीच्या पैशाला हात लावण्यापूर्वी तो कोणी व कशासाठी दिला ते दप्तरात पाहावे. 'ज्ञातीतील गरजू विद्यार्थ्यांसाठी' असे लिहून देणाऱ्यांनी विद्यार्थ्याच्या आईबापांच्या लग्नाची चौकशी करावी असे कोठेही लिहिलेले आम्हांस आढळले नाही.

म्हणून आमची नम्र सूचना अशी की, येत्या वार्षिक सभेत मंडळाने आपल्या घटनेत एक ओळ घालावी: विवाह, आहार, उपासना वा मत यांच्या कारणावरून कोणत्याही सभासदाचे वा त्याच्या अपत्याचे नाव सूचीतून कमी केले जाणार नाही. १८२७ साली सरकारने हात आखडला, १८५० साली घर वाचविले, १९४९ साली पंचांचा दंड काढला, १९६२ साली त्यातील काही परत गेले, २०१६ साली पुन्हा काढले. हे सर्व आपल्याबाहेरच्या लोकांनी आपल्यासाठी केले. एवढी एक ओळ तरी आपण आपल्या हाताने लिहावी. कायद्याच्या धाकाने सोडलेल्या दंडापेक्षा आपखुशीने ठेवलेला दंड ज्ञातीला अधिक शोभेल, आणि अशा मंडळात राहणे आपल्या नातवंडांना ओझे वाटणार नाही.